चिबाच्या उथळ पाण्यात मी दिलेलं बोलावणं

ज्याने सगळी उमर लोकांच्या विहिरीत उतरून काढली, त्याला भुताखेताच्या गोष्टी कोणी सांगू नयेत. मी कोरेगाव तालुक्यातला, शाळा तिसरीपर्यंत. विहिरीत पडलेली मोटार, घागर, बादली, कोणा बाईच्या कानातलं... जे पडेल ते बुडी मारून वर काढायचं, हाच माझा धंदा. तळाला डोळ्यांचा उपयोग नसतो, तिथे हातच बघतात. ज्या विहिरींना लोक दिवसाढवळ्या लांबून हात जोडून जात, त्यांचा गाळ मी चाचपलाय. साप भेटले, काचा भेटल्या, एकदा मेलेली शेळी भेटली. बाकी कोणी भेटलं नाही. त्यामुळे इथे या ग्रुपवर लोक जे अनुभव लिहितात ते वाचून मी हसत असे. आता माझाच लिहितोय. ज्याला हसायचं त्याने खुशाल हसावं.

सध्या मी जपानात आहे, टोकियोच्या एदोगावा भागात, मुलाकडे. मुलगा नितीन कॉम्प्युटरवाला. सून मेघनाही त्यातलीच, पण आता घरी असते, कारण आठवा महिना चालू आहे. तिचं पहिलं राहिलं नाही, पाचव्यात गेलं. आमची मंडळी असती तर या वेळी तीच आली असती. ती नाही, म्हणून मी आलो. घरात मोठं माणूस असावं, एवढंच.

मे महिन्याच्या सुट्टीत इथे लोक ओहोटीला शिंपले उकरायला जातात. बादल्या, खुरपी, पोरंटोरं... सगळी जत्रा समुद्रात. आम्हीपण गेलो, चिबाच्या बाजूला, ट्रेनने तासाभरावर. पाणी मैलभर मागे गेलेलं आणि जे उरतं ते पोटरीएवढं. घरी आल्यावर मेघनाचा हात गळ्याकडे गेला आणि तिथे मंगळसूत्र नव्हतं. बारीक साखळी, काळे मणी, पण वाट्या आमच्या मंडळींच्या होत्या.

नितीन म्हणाला, "दुसरं करू. त्यात काय."

पण त्या दिवसापासून मेघनाची झोप उडाली. जेवण निम्म्यावर आलं. तपासणीला गेली तर बीपी वाढलेलं... डॉक्टरीणबाईने सांगितलं, असंच राहिलं तर बाळाला धोका आहे, दवाखान्यात ठेवून घ्यावं लागेल. मग एका दुपारी ती फोनवर तिच्या आईशी बोलताना माझ्या कानावर पडलं. "आई, मी मानत नाही गं. पण मागच्या वेळी जोडवं हरवलं, आणि त्याच आठवड्यात..."

मीपण मानत नव्हतो. पण पोर घाबरलीय हे तर खरं होतं. आणि पाण्यात पडलेली वस्तू काढायची म्हणजे काम माझं.

नितीनला म्हटलं, जमिनीतला धातू ओळखणारं यंत्र मिळतं ते मागव. तो म्हणाला, "आबा, समुद्र आहे तो. विहीर नाही."

"तळ दोघांनाही असतो."

"ते वाळवंटात कुठे पडलंय कोणाला माहीत?"

"यंत्राला माहीत असेल. तू मागव."

त्याने सगळ्यात स्वस्त होतं ते मागवलं. लांब दांडा, खाली ताटलीएवढी तबकडी, वर डबा, कानाला लावायचे हेडफोन. तबकडी पाण्यात चालते, डबा भिजला की खेळ खलास. पहिल्या दिवशी ओल्या वाळूवर टेकवलं तर पिसाळल्यासारखं ओरडायला लागलं, खाली काही असो-नसो. मेघनाने फोनवर वाचून सांगितलं की खारं पाणी स्वस्त यंत्राला धातूसारखंच वाटतं. मग मी ताकदीचं बटण निम्म्याच्या खाली आणलं, तबकडी जमिनीला समांतर धरली आणि गवत कापताना विळा फिरवतात तशी सावकाश फिरवली. तेव्हा ते जरा शहाणं झालं. अजून एक समजलं. पातळ सोनं आणि कॅनच्या झाकणाची कडी त्याला एकच. म्हणून भंगार गाळायचं बटण बंद ठेवलं. प्रत्येक आवाज उकरायचा. शिकलेल्या माणसाला कंटाळा येईल, मला येत नाही.

ज्या दिवशी ते झालं तो सुट्टीचा दिवस नव्हता. सकाळची ओहोटी, लख्ख ऊन. लांबवर दोन-चार माणसं वाकलेली. मेघना हट्टाने बरोबर आली. कुठे बसलो होतो ते तिला पक्कं आठवत होतं, समोर विजेचा मनोरा होता म्हणे. तिला कोरड्या वाळूवर छत्री लावून बसवलं आणि मी पाण्यात शिरलो.

"आबा, एक पट्टा सुटला. मी इथून बघतेय."

"तू छत्रीत बसून विहीर काढणारी. गप बस आणि ती संत्री खा."

कड्या निघाल्या, एक खिळा निघाला. मग पोटरीभर पाण्यात एक बरा आवाज आला. चाळणीच्या फावड्याने वाळू उपसली, चाळणी रिकामी. परत तबकडी धरली, आवाज तिथेच. पाणी गढूळ, तांदूळ धुतल्यासारखं. म्हणून फावडं बाजूला ठेवलं आणि सवयीप्रमाणे खड्ड्यात हात घातला.

कोणीतरी माझ्या तळहातावर वस्तू ठेवली आणि माझी मूठ मिटवली.

पाहुणे निघताना पोराच्या हातात नोट ठेवून मूठ बंद करतात ना... अगदी तसं. हळू, प्रेमाने. मी हात वर काढला. गळाला लावायचं शिसं होतं.

गाळ ढासळला की हाताभोवती आवळून बसतो, हे मला चांगलं ठाऊक आहे. तसंच झालं असणार म्हणून मी मनाला सांगितलं. पण खिशातली सुपारी काढून त्या खड्ड्यात टाकली. विहिरीतून काही घेतलं की विहिरीला काही द्यायचं, ही माझी जन्माची सवय. ती श्रद्धा नाही, रीत आहे. शेजारच्या घरून वाटी आली तर आपण रिकामी परत करतो का? मेघना सांगते, जपानी लोकही असेच, घेतलं की परतफेड केल्याशिवाय राहत नाहीत. मला हे लोक त्यासाठीच आवडतात. मी आजवर कोणाचं फुकट घेतलेलं नाही.

थोडं पुढे गेलो. परत आवाज. परत चाळणी रिकामी. हात घातला... परत कोणी वस्तू ठेवली, मूठ मिटवली, आणि या वेळी वरून थोपटलं. छोटा चमचा होता, लहान मुलाला भरवायचा. दांड्यावर सशाचं तोंड कोरलेलं. समुद्रात पडलेल्या वस्तूला शेवाळ असतं, गंज असतो. हा आत्ता घासून ठेवल्यासारखा.

मला घाम फुटला. खरं लिहितो. तरी मेघनाने दिलेली चघळायची गोळी खिशात होती ती पाण्यात सोडली, म्हणजे फिटलं. आणि तिथून निघायचं सोडून पुढे गेलो, कारण मंगळसूत्र मिळाल्याशिवाय त्या पोरीसमोर जायचं नव्हतं मला.

पाणी गुडघ्याला लागलं होतं. भरती सुरू झाली होती. डबा भिजू नये म्हणून दांडा वर धरून चाललो होतो, तेवढ्यात हेडफोनमध्ये सूर लागला. बारीक, एकसारखा, जराही न थरथरणारा. वाकून हात घातला, खांद्यापर्यंत. तेव्हा लक्षात आलं की माझा हात आपणहून उताणा झालाय, मागायला बसल्यासारखा. जन्मात कोणापुढे हात पसरला नाही मी. तिथेच मागे फिरायला हवं होतं.

साखळी हातावर उतरली. एकदम नाही... एकेक मणी, सावकाश, मोजून दिल्यासारखी. मग दोन वाट्या. आमच्या मंडळींच्या वाट्या मी डोळे मिटून ओळखेन. मूठ मिटली. थोपटलं.

आणि या वेळी सोडलं नाही.

मनगट धरलेलं होतं. ओढत नव्हतं, दुखवत नव्हतं. नुसतं थांबलं होतं, दुकानदार सुट्ट्या पैशांसाठी थांबतो तसं. पकड गार नव्हती, हे मला सगळ्यात वाईट वाटलं. कोमट होती. यंत्राचा दांडा बगलेत दाबला आणि डाव्या हाताने मनगट चाचपलं. तिथे पाणी आणि माझंच मनगट, दुसरं काही नाही. तरी हात हलेना. खिसे चाचपले, रिकामे. घड्याळ दातांनी सोडवून पाण्यात दिलं. ते परत माझ्या डाव्या मुठीत आलं.

"आबा? काय झालं? चमक भरली का?"

मेघना उठली होती. मी ओरडलो, "तिथेच थांब." माझ्या आवाजाने ती अजूनच घाबरली आणि चालायला लागली. ते एवढं पोट घेऊन, एक हात कमरेवर, सरळ पाण्यात. पाणी तिच्या घोट्याला लागलं मात्र... माझ्या मनगटावरची पकड तिच्या दिशेला वळली. माझा हात पाण्याखाली तिकडे फिरला. कोणी बोलता बोलता मान वळवून बघावं तसा.

मी मेलो असतो तरी चाललं असतं. पण ती यायला नको होती. आणि मला जे तोंडात आलं ते मी बोललो. पाहुण्याला द्यायला घरात काही नसलं की आपण बोलतो तेच. "आत्ता हातात काही नाही. घरी या. रिकामं पाठवणार नाही."

लगेच सुटलं. वरून दोनदा थोपटलं, व्यवहार पक्का झाल्यासारखं.

मी धडपडत गेलो, तिला दंडाला धरून कोरड्यावर आणलं. यंत्राचा डबा भिजला, ते बंद पडलं, अजून बंदच आहे. मंगळसूत्र तिच्या हातात ठेवलं. ती रडली, मग हसली. मग म्हणाली, "कोणाशी बोलत होतात, आबा?"

"यंत्राशी."

"यंत्राला घरी या म्हणालात?"

मी छत्री मिटायला घेतली. ट्रेनमध्ये ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून गाढ झोपली, आणि मी काय बोलून बसलो ते मला तिथे कळलं. रिकामं पाठवायचं नाही म्हणजे काय द्यायचं, घरी कोण आहे, ते मला कळलं.

पुढचे दिवस चांगले गेले. तिचं बीपी उतरलं, दवाखान्याचं टळलं. नितीन म्हणाला, "आबा, मानलं तुम्हाला." एरवी मी ते चार लोकांना ऐकवलं असतं. मी दाराकडे बघत बसायचो. कोणी आलं नाही. मलाही वाटायला लागलं की म्हातारपण, ऊन, खारं पाणी, दुसरं काय.

मग गेल्या आठवड्यात दुपारी मेघना तांदूळ धूत होती. मी टेबलाशी बसलो होतो. ती एकदम थांबली. पांढऱ्या पाण्यात हात तसाच.

"आबा, गंमत."

"काय?"

"हात आपोआप मिटला. कोणी मिटवल्यासारखा." आणि हसली.

तिने हात बाहेर काढला. मुठीत तांदूळ होते, बाकी काही नाही. डॉक्टरीणबाई म्हणाली, या महिन्यांत सूज येते, मनगटातली शीर दबते, बोटांना मुंग्या येतात, पुष्कळ बायकांना होतं. पट्टा दिला. नितीनचं समाधान झालं. माझंही झालं असतं. पण मी तिला विचारलं होतं, "हात पालथा होता का उताणा?"

तिने आठवून बघितलं. "उताणा. का हो?"

त्याच संध्याकाळी नितीनला म्हटलं, माझं तिकीट काढ.

"एक महिना राहिलाय, आबा. लोक नातवंडाचं तोंड बघायला येतात. तुम्ही आलात आणि आता चाललात?"

"इथलं पाणी मानवत नाही मला."

"दोन महिने मानवलं, आज काय झालं?"

मेघना आत जाऊन बसली. नंतर माझ्यापाशी आली. "आबा, माझं काही चुकलं का?"

"नाही, पोरी."

"मग माझ्याकडे बघून सांगा."

मला बघता आलं नाही. तिला सांगितलं असतं तर परत तीच भीती, परत तेच बीपी. त्यापेक्षा तिने मला तऱ्हेवाईक म्हातारा समजलेलं परवडलं.

माझा हिशोब साधा आहे. बोलावलं मी. जिथे मी, तिथे ते यावं. पण त्या वेळी मी नुसतं घरी या म्हणालो, कोणाच्या घरी ते म्हणालो नव्हतो. म्हणून काल सकाळी एकटा ट्रेनने परत तिथे गेलो. पाण्याला पाय लावला नाही. काठावर उभा राहून मोठ्याने बोललो, की मी निघालोय, माझं घर कोरेगावकडे आहे, विहिरीवरून डाव्या हाताला. इथलं घर मुलाचं आहे. ते माझं घर नाही, तिथे माझं काही नाही. पोराला फिरवणारी एक बाई माझ्याकडे बघत लांबून गेली. स्वतःच्या मुलाच्या घराबद्दल असं बोलेन, असं मला वाटलं नव्हतं.

पाणी तसंच होतं. काही हललं नाही. ऐकलं की नाही, कळायला मार्ग नाही.

उद्या सकाळचं विमान आहे. बॅग भरून झाली. मेघना बोलत नाही, पण प्रवासाला धपाटे करून ठेवलेत.

ते काय होतं ते मला सांगता येत नाही. भूत म्हणायला माझी जीभ उचलत नाही, आणि गाळ म्हणायलाही आता उचलत नाही. तुमच्यात जाणती माणसं असतील. मला एवढंच सांगा, बोलावणं घराला लागतं की बोलावणाऱ्याला? बोलावणाऱ्याला लागत असेल तर काही प्रश्न नाही. मी दार उघडं ठेवीन. पण घराला लागत असेल तर आज रात्रीच्या आत कळवा. म्हणजे मी तिकीट फाडतो, आणि इथेच दारात बसतो.