खाडीकाठच्या गावाला किती गुण?

"मामा, मालवणला येतोस का? काम माझं, मासे तुझे." भाचीचा, मुग्धाचा, असा फोन आल्यावर या वयात नाही कोण म्हणेल? मी गुडघ्याचा पट्टा आधी भरला, कपडे नंतर.

तिचं काम ऐकून मात्र गंमत वाटली. देशात पाण्याचा कारभार किती एकोप्याने चालतो, म्हणजे शेतकरी, मच्छीमार, कारखानदार, पिण्याचं पाणी भरणारे या सगळ्यांचा विचार एकत्र होतो का, याला शून्य ते शंभर गुण द्यायचे. देशाचं प्रगतिपुस्तकच म्हणा ना! गावांचे गुण त्यात जात नाहीत, पण गुण ठरवणाऱ्या वरच्या बैठकीत तोंड उघडण्याआधी तिला एखादं गाव डोळ्यांनी बघायचं होतं.

कुडाळला गाडीतून उतरलो आणि एसटीने मालवण गाठलं. सामान जास्त असेल तर सरळ रिक्षा करा, फक्त भाडं आधी ठरवा. मुक्काम देवबागला, एका घरगुती निवासात. एका खिडकीतून समुद्र, दुसरीतून खाडी. जेवण आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर बांगड्याचं तिखलं मिळतं, आणि ते मिळालं की माणूस काही काळ कुणाशी बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाडीच्या आतल्या अंगाला असलेल्या गावी गेलो. ओढा खाडीला मिळतो तिथे छोटा बांध आहे. त्याच्या गाळ्यांत, म्हणजे पाणी जायच्या मोकळ्या खणांत, लाकडी फळ्या बसवल्या की ओढ्याचं गोडं पाणी अडतं आणि भरतीचं खारं पाणी बाहेर राहतं. शाळेत आम्ही चालीवर म्हणायचो त्या कवितांतली नदी नेहमी सागराला भेटायला धावायची. सागरच उलटा चालत कुणाच्या शेतात शिरतो, हे आमच्या एकाही कवितेत नव्हतं.

बैठक बांधाशेजारच्या आंब्याखाली भरली. मुग्धाने विचारलं, "पाणी वापरणारे सगळे एकत्र बसून ठरवतात का?"

"शंभर घाल गो बाय! गावाची अब्रू आसा," मागून कुणीतरी ओरडलं.

"शून्य घाल! शंभर घातलंस तर सरकार म्हणात, हेंका काय कमी नाय!" दुसऱ्याने बजावलं.

हशा पिकला. हसली नाही ती एकटी रुक्मिणीकाकी. तिचं वायंगण, म्हणजे हिवाळ्यात लावलेलं भात, बांधाच्या वरच्या बाजूला नुकतं धरलं होतं. पौर्णिमा दोन दिवसांवर आली होती. उधाणाची भरती आत शिरली की रोपं करपणार, आणि फळ्या अजून काठावरच पडलेल्या! कारण बाबल. तो खाडीत जाळी लावतो, आणि ओढ्यात वर गेलेले मासे परत येईपर्यंत बांध उघडा ठेवा, हा त्याचा हट्ट.

"मासो वर अडकलो तर मी काय खावचा?"

"तुझो मासो पळता रे बाबल! माझा भात खंय पळतला?"

बाबल डोकं खाजवत म्हणाला, "सुकती लागली, पाणी उतराक लागला की मासो आपसूक खाली येता. एक गाळो सांजपर्यंत उघडो ठेवया. भरती फिरूच्या आधी बंद."

"बंद कोण करतलो? तू? जाळा लावन बसतलंस नि फळ्यो इसारतलंस!"

"मगे तूच बस हंय राखणेक!"

आणि ती खरंच बसली! इतर गाळे माणसांनी लगेच बंद केले. ओहोटी लागली, उघड्या गाळ्यातून पाणी खळाळत खाडीकडे निघालं, बाबलने तोंडाशी जाळं धरलं आणि काकी डोक्यावर पदर घेऊन बांधावर पहारा देत राहिली. जाळ्यात चांदीसारखे मासे उसळले की तीच आधी ओरडायची. (दुपारी जाणार असाल तर टोपी न्या. मी नेली नव्हती.) संध्याकाळी पाणी उतरलं, शेवटची फळी दोघांनी मिळून ठोकली.

"आता तरी शंभर?" बाबलने विचारलं.

"आज ही बाय इली म्हणान बसलंव," काकी म्हणाली. "फुडल्या वर्सा आपणहून इलंव, तर दी."

मुग्धाने वीस लिहिले.

"वीस? म्हणजे नापास!" बाबल ओरडला.

"पास होवक फुडला वरस आसा मरे!" काकी म्हणाली आणि पदरात चार मासे बांधून घेऊन गेली.

घरी परतल्यावर आंघोळीची बादली भरताना उगाच नळाकडे बघत राहतो. आमच्या सोसायटीला कुणी गुण दिले तर किती पडतील, हा हिशेब मी अजून टाळतोय. पण पौर्णिमा उलटली तेव्हा राहवेना, काकीला फोन केला.

"पाणी गोडा आसा. रोपा हिरवीगार."

"आणि बाबल?"

"उधाणाच्या दिवशी इललो. फळ्यांतसून झिरपता म्हणान चिखल लावन गेलो. कोणी सांगूक नाय हां तेका."

मी ताबडतोब मुग्धाला फोन लावला. "विसाचे पंचवीस कर."

"मामा, ते गुण कुठे जातच नाहीत."

"नसू देत. तू कर."


पलीकडे पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज आला.