साहेब, पाणी मिळेल?

साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या की वहिनी पाणी मागायच्या, प्यायच्या मात्र नाहीत. ग्लास समोर तसाच राहायचा. अंबरनाथला बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या आमच्या कारखान्यात त्या युनियनच्या प्रतिनिधी. कुणालाही केबिनमध्ये बोलावलं की सोबत जायच्या. मी एकदा विचारलंच, "तहान नसते तर मागता कशाला हो?"

"अगं, शिपाई पाणी आणेपर्यंत समोरचा कागद वाचून होतो. आणि साहेबाचं पाणी प्यायला आपण काय पाहुणे आहोत?"

आमच्यासाठी नियम उलटा. कुणी रडत आलं, कुणी शिव्या देत आलं, की त्यांची स्वतःची बाटली पुढे. "आधी पाणी पी. मग सांग. काय झालं, कुठे झालं, कोण होतं तिथे. तुला काय वाटलं ते नंतर." मला याचा भयंकर राग यायचा. मी उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये वाढलेली. आमच्या गल्लीत भांडणाआधी कुणी पाणी पीत नाही. वहिनी म्हणायच्या, "सुवर्णा, तू आधी ओरडतेस. मग तुझं खरंसुद्धा खोटं वाटतं."

मग माझ्या लाइनवरच्या लताचं बोट प्रेसमध्ये सापडलं. मशीनची सुरक्षेची जाळी काढलेली होती. माल लवकर निघावा म्हणून सुपरवायझरनेच ती काढायला लावली होती, पण लाइन माझी, म्हणून नाव माझं. साहेब अगदी गोड आवाजात म्हणाले, "छोटासा माफीनामा लिहून दे. मॅटर क्लोज." नवऱ्याची कंपनी बंद पडलेली, घर माझ्या एकटीच्या नोकरीवर. देवा शप्पथ, मी पेन उचललंसुद्धा.

"साहेब, पाणी मिळेल?" वहिनी म्हणाल्या.

शिपाई बाहेर गेला. टेबलाखाली वहिनींनी माझा पाय असा दाबला की मी कळवळले. हळूच म्हणाल्या, "माफी मागितलीस म्हणजे कबूल केलंस. उद्या हाच कागद दाखवून घरी बसवतील." मी पेन ठेवलं. तेव्हा साहेबांनी ड्रॉवरमधून आरोपपत्र काढलं. तयारच होतं मेलं! वहिनींनी ते सावकाश वाचलं, आणि मला सांगितलं, "लिही. मिळालं. मान्य नाही. खाली सही आणि तारीख."

साहेब माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे बघत म्हणाले, "ताई, हे तुम्हाला जड जाईल."

चौकशी सुरू झाली आणि माझी झोप उडाली. सगळं लतावर होतं. ती बोलली नाही तर मी गेले. वहिनी मला घेऊन अंबरनाथ पूर्वेला तिच्या घरी गेल्या. लताची सासू दारातच म्हणाली, "आमच्या पोरीला यात ओढू नका." मी तोंड उघडणार तोच वहिनींनी माझ्या हातात बाटली दिली. लताला त्या एवढंच म्हणाल्या, "तुला काही शिकवायला आले नाही. जे झालं तेच सांग. नाही जमलं तरी मी तुझ्यावर रागावणार नाही." लता उठून आत निघून गेली. पण चौकशीच्या दिवशी बँडेज बांधलेला हात घेऊन आली, आणि जाळी काढायला कुणी सांगितलं ते सरळ सांगून मोकळी झाली. माझी नोकरी वाचली. मी खूप रडले.

आणि मग वहिनींच्या बदलीचं पत्र निघालं. गुजरातच्या युनिटला, म्हणे कामाच्या सोयीसाठी. कुणाच्या सोयीसाठी ते सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्या हेंद्रेपाड्याच्या घरी अंथरुणाला खिळलेली सासू. वहिनी जाणार कशा? प्रतिनिधीची प्रतिनिधी कोण होणार? मी गेले सोबत.

साहेबांनी पत्र पुढे सरकवलं. माझ्या तोंडाशी आलेली शिवी मी गिळली आणि म्हणाले, "साहेब, पाणी मिळेल?" शिपाई पाणी आणेपर्यंत एकेक ओळ वाचली. वाचून पत्र वहिनींपुढे ठेवलं. त्यांनी पेन घेतलं आणि काय लिहायचं म्हणून माझ्याकडे बघितलं. वहिनींनी! मी म्हणाले, "लिहा, मिळालं. मान्य नाही." त्यांनी तसंच लिहिलं, सही केली.

बदलीची केस अजून कोर्टात आहे. युनियनमध्ये त्यांच्या जागी आता मी आहे.

त्या दिवशी सही झाल्यावर मी उठले, पण वहिनी उठल्या नाहीत. त्यांनी साहेबांच्या टेबलावरचा तो ग्लास दोन्ही हातांनी उचलला, आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.