दोन मालकांचं नाणं

थोरला दादा दिवाळीला येतो तो मिठाईचा पुडा घेऊन. गेल्या दिवाळीत मात्र त्याने माझ्या तळहातावर चांदीचं एक नाणं ठेवलं, शर्टाच्या बटणाएवढं. पंधराशे वर्षांपूर्वीचं, इटलीवर राज्य करणाऱ्या ऑस्ट्रोगॉथांचं.

निवृत्तीनंतर तो जुनी नाणी जमवतो. जमवलेलं कुणाला देत मात्र नाही. म्हणून पहिला संशय मी नाण्यावरच घेतला. पेढे आणायच्या निमित्ताने सोनाराकडे जाऊन वजन करून आलो. सातशे मिलिग्रॅम. दादाने सोबत आणलेल्या नाण्यांच्या पुस्तकातही साधारण तेवढंच दिलेलं. ओतीव नकलेला असते तशी कडेला साच्याची रेघ नव्हती. नाणं खरं असावं. मग संशय दादाकडे वळला.

आम्ही भिवंडीतल्या ज्या घरात राहतो, ते कागदावर दादाचं आहे. तो कल्याणला गेल्यापासून घरपट्टी, डागडुजी, गच्चीची गळती, सगळं मी बघतो. लाइटबिलावर नाव अजून त्याचंच.

“हा चेहरा कुणाचा?” मी विचारलं.

“कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाचा.”

“आणि राज्य गॉथांचं?”

“हो. त्यांच्या राजाची खूण मागे बघ.” मागे काही अक्षरं एकमेकांत गुंतवलेली होती. “नाव त्याचं, कारभार याचा. दोघंही सुखात. तुझ्या-माझ्यासारखे.”

स्वयंपाकघरात करंज्या तळणाऱ्या बायकोचा झारा थांबला. “दादा, किती वर्षं सुखात?”

“राजा गेला, आणि पुढे सम्राटाने फौज पाठवली.” दादा हसला. “अगं, घाबरतेस काय? माझ्याकडे कुठली फौज!”

मी हसलो नाही. त्याच्या मुलाला जागा हवी आहे, हे मला आधीच कळलं होतं.

लक्ष्मीपूजनाच्या ताटात मी नाणं ठेवलं, खुणेची बाजू वर करून. दादाने ते उलटलं. “पूजेला चेहरा वर हवा रे.”

“दादा, दिवाळी झाली की घराचे कागद करून टाकू या का?”

“आरती तर होऊ दे.”

आरती झाली, जेवणं झाली. मी पुन्हा विचारलं.

“नावाने तुझं अडतंय काय?” तो म्हणाला.

तो निघाला तेव्हा मी ताटातलं नाणं उचलून, कुंकू पुसून त्याच्या हातात दिलं. “कागद होईपर्यंत तुझ्याकडेच असू दे.”

त्याने ते खिशात टाकलं. बायकोने भरून ठेवलेला फराळाचा डबा मात्र टेबलावरच राहिला. विसरला की ठेवून गेला, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.