चिपचा पेपर फुटला

ऑफिसात तिला सगळे मास्तरीणबाई म्हणत, कारण ती पेपर काढायची. तेही चिपांना. आतली जोडणी नंतरही हवी तशी बदलता येते, अशा चिपा तिची कंपनी बनवायची. त्या तपासायला खरी सर्किटं मिळत नसत. स्वतःची सर्किटं कोण कशाला देईल? म्हणून तिने खोटी सर्किटं तयार करणारा प्रोग्रॅम लिहिला होता. खोटी म्हणजे उगाच काहीतरी नव्हे. वायरींचा गुंता अगदी खऱ्यासारखा, आणि प्रत्येकाचं बरोबर उत्तर आधीच ठाऊक. प्रोग्रॅमला एक आकडा दिला की दोनशे सर्किटं निघत; आकडा तोच, तर सर्किटंही तीच. अकरा वर्षं तिने एकच आकडा दिला, म्हणजे यंदाचे मार्क मागच्या मार्कांशी ताडून बघता येतात.

नवी चिप रेल्वेच्या सिग्नलमध्ये बसणार होती. दोनशेपैकी दोनशे उत्तरं बरोबर आली. तिचा थोरला भाऊ रेल्वेचं इंजिन चालवायचा, त्यामुळे ती मनातून जरा जास्तच खूश होती.

मग तिचं मशीन बिघडलं, आणि नव्या मशीनवर आकड्याची फाईल टाकायला ती विसरली. प्रोग्रॅमने गुपचूप घड्याळातला आकडा उचलला आणि वेगळीच दोनशे सर्किटं काढली. त्यातल्या एकेचाळीस सर्किटांना चिपने चुकीचं उत्तर दिलं. सर्किट चिपमध्ये बसवून आतली जोडणी करणारं कंपनीचं सॉफ्टवेअर मात्र म्हणतंय, सगळं ठीक.

दोन दिवस बिचारी स्वतःचीच चूक शोधत बसली. तिसऱ्या दिवशी तिने ते सॉफ्टवेअर उघडलं. ते लिहिणाऱ्याला ऑफिसात जावईबापू म्हणत, इतके साहेब त्याचे लाड करत. आत तिची सर्किटं नंबरासकट मांडून ठेवलेली: सदतीस नंबर आलं की ही वायर इकडून न्या, एकशे चार आलं की तिकडून. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि आकडा एवढी वर्षं न बदलणारी शहाणी कोण, तर ती स्वतः. निम्मा राग स्वतःवरचाच होता.

ती तडक साहेबांच्या केबिनमध्ये शिरली. जावईबापू तिथेच पाय पसरून बसला होता.

"पेपर फुटलाय," ती म्हणाली. "उत्तरं पाठ करून घेतलीत तुम्ही चिपकडून."

"खोटीच तर सर्किटं," जावईबापू हसला. "त्यात एवढं काय मनाला लावून घ्यायचं?"

"गाडीतली माणसं खरी असतात."

साहेबांनी मान वरसुद्धा केली नाही. "जुना आकडा टाका, रिपोर्ट काढा, सही करा. शुक्रवारी जायचाय. उगाच फाटे फोडू नका."

"सही करते," ती म्हणाली.

आणि केली. रिपोर्टात तिने दोन्ही निकाल लिहिले, खाली सही ठोकली आणि सिग्नलवाल्या कंपनीला तो परस्पर पाठवून दिला. सोबत आपला प्रोग्रॅमही दिला. वर लिहिलं, आकडा तुमच्या मनाने टाका, आम्हाला सांगू नका. त्यांनी टाकला. चव्वेचाळीस उत्तरं चुकली. सिग्नलचं काम तिथल्या तिथे थांबलं.

साहेबांनी तिला संध्याकाळच्या आत टेबल रिकामं करायला लावलं. विश्वासघात म्हणे. जावईबापूची खुर्ची शाबूत. अकरा वर्षं राबलेल्या बाईला निरोपाचा एक शब्द नाही, आणि लबाडी करणारा खिडकीशी उभा राहून कॉफी पितोय. काय बोलायचं या लोकांना?

रविवारी दादा घरी आला तोच धुसफुसत.

"नवे सिग्नल रखडले. वर्ष जाईल म्हणतात. ऑफिसात बसून कुणीतरी कागद अडवलाय. धुक्यात जुने दिवे शोधत गाडी आम्ही हाकायची, आणि हे पंख्याखाली बसून खुसपटं काढणार. सापडू दे तो, सोलून काढतो."

"मी अडवलाय, दादा," ती म्हणाली. "काढ सोलून."

दादाने कप खाली ठेवला. तिने सगळं सांगितलं, जावईबापूच्या कॉफीसकट.

"दोनशेत चव्वेचाळीस?" त्याने शेवटी विचारलं.

"हो."

"आणि काढलं तुला? त्याला सोडून?"