हे कोण्या गावचं?

वस्तू हातात आली की ती आधी उलटी करायची, ही भाजीवाल्या मावशीची सवय. माझ्या जनरल स्टोअरमध्ये ती कंगवा घ्यायला आली तरी कंगवा उलटा, डबा उलटा. एकदा रुखवतातला काचेचा मोर उलटा केला, तेव्हा त्याची मान तुटून माझ्या हातात आली.

"हे कोण्या गावचं, भाऊ?"

"दिल्लीकडचं असेल."

"आन् मंग पैसा कुठी जाईन?" उत्तराची वाट न पाहता ती टोपलं उचलून चालू लागायची.

वाशिमच्या बाजारात तुम्ही कधी मेथी किंवा सांभार, म्हणजे कोथिंबीर, घेतला असेल, तर तिला पाहिलं असणारच. गावाला लागून तिची भाजीची वाडी होती. शेजारी एक कुंभार राहायचा, भुलाबाईच्या मूर्ती करणारा गावातला शेवटचा. त्याची मूर्तीही ती उलटी करायची. बुडाशी त्याचा अंगठा उमटलेला असे. तो दाखवून म्हणायची, "हे पाहा. हे आपल्या गावचं."

आमच्याकडे आश्विनात बाया-पोरी भुलाबाई मांडतात. मातीचे भुलाबाई-भुलोजी, ज्वारीच्या धांड्यांचं मखर, गाणी, आणि शेवटी खाऊ ओळखायचा. झाकलेला डबा नुसता हलवून वाजवायचा. कोणी ओळखल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. सगळी गंमत त्या झाकणात.

पण मैदानावर दरवर्षी गरबा व्हायचा. डीजे बाहेरगावचा, घागरे भाड्याने बाहेरगावहून, बक्षिसंसुद्धा तिकडचीच. मावशी व्यापारी मंडळाच्या अध्यक्षांच्या दुकानासमोर टोपलं ठेवून उभी राहायची.

"मैदानात भुलाबाई मांडा, साहेब. मूर्त्या कुंभाराच्या, फुटाने आपल्या भट्टीवरचे, धांडे इंझोरीच्या शेतातले, फुलं माह्या वाडीतले. मेडशीच्या बाया येतीन. आल्या तं बांगड्या घेतीन, चहा पेतीन, लेकराले चप्पल घेतीन."

"म्हणजे मावशी, तुमचा झेंडू विकायचा आहे तर!" अध्यक्ष डोळा मारून म्हणाले.

"हो मंग! ईकायचाच हाये. तुमी काय दुकान भजन कराले उघडलं?"

दुकानातले नोकर हसले. अध्यक्षही हसले. हसण्यावारी नेण्यात आमच्या गावाचा हात कोणी धरणार नाही.

मावशीला घाई होती. कुंभाराचा मुलगा पुण्याला कंपनीत होता आणि बापाला तिकडे बोलावत होता. कुंभार तिला म्हणाला होता, "यंदा मूर्त्या खपल्या नाई तं मी चाक बंद करतो." ते चाक चालू राहावं एवढ्यासाठीच तिची सगळी धावपळ चालली होती. आणि त्याच वर्षी, निवडणूक जवळ आली म्हणून की काय, मंडळाने हो म्हटलं.

मावशी गल्लोगल्ली फिरली. "खाऊ घरूनच आणा माय. झाकून आणा. आन् कोणाले सांगू नका." कुंभाराने हातगाडीभर मूर्ती केल्या.

कोजागिरीच्या संध्याकाळी मैदान बायांनी भरलं. मेडशीहून दोन जीप आल्या. सगळ्यांच्या मांडीवर झाकलेले डबे. मी म्हटलं, जमलं बुवा!

मग अध्यक्ष माइकवर आले. बोलता बोलता म्हणाले, "कार्यक्रमानंतर सर्व भगिनींना मंडळातर्फे चिवड्याची पाकिटं मिळतील. तेव्हा घरचे डबे कृपया कोणी उघडू नयेत, मैदान घाण होतं."

आता काय बोलावं? खाऊ ओळखण्याच्या खेळात या माणसाने माइकवरून खाऊच सांगून टाकला! बायांनी एकमेकींकडे पाहिलं आणि डबे पिशव्यांत घातले. गाणी सुरू झाली तर मागे आवाज जात नाही म्हणून डीजेवाल्याने रेकॉर्ड केलेली गाणी लावली. बाया खुर्च्यांवर बसून ऐकत राहिल्या. कुंभाराची गाडी स्टेजच्या मागे उभी होती, कारण पुढे मोटारसायकलच्या कंपनीचा मंडप होता. तिकडे कोण जाणार? चिवडा घेऊन मेडशीच्या जीपा परत गेल्या.

मावशीने पाकीट उलटं केलं. तिला वाचता येत नव्हतं. "वाचून दाखवा, भाऊ."

मी वाचलं. परराज्यातलं कुठलं तरी गाव होतं.

"म्हंजे खाऊ बी आपला नाई," ती म्हणाली आणि तिथेच खाली बसली. मला इतका राग आला की मी स्टेजकडे गेलो. अध्यक्षांनी मलाच हार घालून फोटो काढून घेतला. कार्यक्रम यशस्वी झाला, असं मंडळाने जाहीर केलं.

दिवाळीनंतर कुंभार पुण्याला गेला.

पुढच्या वर्षी मावशीने कमाल केली. वाडीच्या कडेची माती भिजवून तिने स्वतःच भुलाबाई केल्या. एकीचं नाक डावीकडे, एकीचे डोळे कपाळावर. भुलोजी तर नुकताच मार खाऊन आल्यासारखा. टोपल्यात मेथीवर ठेवून त्या माझ्या दुकानात आणल्या. बुडाशी अंगठा मात्र ठसठशीत.

"हासू नका. ठेवा दुकानात. हात बसीन माहा पुढच्या साली."

पुढचं साल तिला मिळालं नाही. उन्हाळ्यात दोन दिवसांच्या तापाने गेली. बाजारातल्या तिच्या जागेवर आता मोबाइलची कव्हरं विकणारा बसतो.

परवा मेडशीची एक बाई दुकानात आली. मी यंदा प्लास्टरच्या भुलाबाई मागवल्यात. गिऱ्हाईक मागतं, काय करणार? चकचकीत, एकसारख्या.

"पह्यले मातीच्या भेटत होत्या, भाऊ. त्या काहून नाई आता?"

मी घाईघाईने वरच्या फळीवरून मावशीची शेवटची भुलाबाई काढली. उलटी केली, अंगठा दाखवला. "हे पाहा. ही आपल्या गावची."

बाईने ती सुलटी केली, निरखून पाहिली.

"नाक वाकडं हाये हिचं," ती म्हणाली. "ती चकचकीतच द्या."

मी तिला प्लास्टरची बांधून दिली आणि नोट गल्ल्यात टाकली. ती किती वेळ तिथे राहणार हे मला ठाऊक होतं. बाहेरगावच्या घाऊकवाल्याचा माणूस संध्याकाळच्या बसने वसुलीला येणार होता.