खिडकीजवळची खाट

पन्नाशीत शिवणकाम शिकवणाऱ्या बाईंनी 'सामाजिक परिवर्तन आणि आंतरराष्ट्रीय विकास' या विषयात एम.ए.ला प्रवेश घेतला, तेव्हा नवऱ्याने कपाळाला हात लावला. "आता जग सुधारणार म्हणे!" सासूबाईंनी मात्र सुनेची बाजू घेतली.

पहिला गृहपाठ मुलाखतीचा होता. लोकांच्या भल्यासाठी केलेला, पण त्यांना नको असलेला एखादा बदल शोधायचा. सरावाला बाईंनी घरात सासूबाईंनाच गाठलं.

"ही खाट," सासूबाई पटकन म्हणाल्या. "तू हौसेने खिडकीशी आणलीस. दुपारभर डोळ्यांवर ऊन येतं."

"अहो आई, मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तू विचारलंस कुठे?"

बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. बाह्या सरसावून त्यांनी खाटेला हात घातला आणि मध्येच थांबल्या.

"कुठे ठेवू, आई?"