नाहरगडाची पायरी

बाबांची बदली जयपूरला झाली आणि सातारा सुटला. दर रविवारी आम्ही तिघं दुर्गापुऱ्यातल्या घरून डबा घेऊन निघायचो. कधी झालान्याचं रान, बहुतेक वेळा नाहरगडाची फरसबंद चढण. वाटेवर धूळ आणि काटेच, तरी तसे रविवार पुन्हा मिळाले नाहीत.

साताऱ्याकडे गड चढायला लागताना बाबा पहिल्या पायरीला हात लावून तो कपाळी टेकवत. इथे कधी नाही. “ही टेकडी आहे,” म्हणत आणि माथ्यापर्यंत सह्याद्रीचं कौतुक ऐकवत. आई वैतागायची, “मग चढता कशाला?”

पुढे पुन्हा बदली आली. शेवटच्या रविवारी नाहरगड उतरल्यावर बाबा मागे रेंगाळले. मी वळून पाहिलं, तर ते वाकून पायरीला हात लावत होते. आईने मला पुढे ओढलं. “बघू नकोस,” ती म्हणाली, “लाजतील.”